रुमाल टाकणाऱ्यांविरुद्ध दीप्ती लोणारे

आमच्या कंपनीची बस सकाळी सव्वासातला कोराडीहून सुटते आणि अख्खं नागपूर उभं कापत मिहानला जाते. कोराडीला बस रिकामी असते, असा एक समज आहे. आम्ही चढतो सात-आठ जण, आणि पाच मिनिटांत पंचवीस सीटा भरतात. रुमालांनी. हा मानकापूरच्या दोस्ताचा, तो सदरच्या साहेबांचा, तो निळ्या चौकड्यांचा सीताबर्डीच्या मिनलचा. मिनल रजेवर असली तरी तिचा रुमाल इमानदारीनं मिहानपर्यंत खिडकीजवळ बसून येतो.

या बसमध्ये रुमालाला माणूस न मानणारी एकच बाई आहे, दीप्ती लोणारे. ती चढते, तोंडावर घट्ट बांधलेली ओढणी सोडते आणि पहिल्याच रुमालाकडे बोट दाखवते.

"हे कोण होय?"

"मॅडम, ते मानकापूरले चढतात ना..."

"चढतीन तेव्हा बसतीन. आत्ता कोण बसून राहिलं इथं? हा रुमाल? याले ड्युटीवर जाचं आहे का गा?"

मग ती त्या रुमालाची घडी घालते. राग कितीही असो, चारही कोपरे जुळवून. आणि चालकाच्या पाठीमागच्या दांडीवर टाकते. सदर येईपर्यंत तिथं परटाचं दुकान लागलेलं असतं. हे गेली सहा वर्षं रोज चाललं आहे. रुमाल संपले नाहीत, दीप्तीही थकली नाही.

एरवी ऑफिसात ती अगदी पुस्तकातल्यासारखी मराठी बोलते. राग आला की तिची भाषा बस पकडून कोराडीला परत जाते. त्यामुळे तिचा पारा किती चढला हे आम्हाला चेहरा न बघताही कळतं.

हा राग घराण्यातला आहे. तिचे वडील धोंडबा लोणारे चौतीस वर्षं वीजकेंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर होते. पट्टा रिकामा फिरताना दिसला की हा माणूस हातातला डबा तसाच टाकून ओरडत धावायचा. "रिकामा बेल्ट बी वीज खाते!" हे वाक्य दीप्तीनं पाळण्यात ऐकलं असणार. आई लवकर गेली. वाढवलं ते सुभद्राआत्यानं. आत्या आज साठीची आहे आणि अजून काटोल रोडवर रस्त्याच्या कामाला जाते. घरी बस म्हटलं की म्हणते, "बसली की हाडं गंजतात." यावरून आत्या-भाचीचं दर रविवारी भांडण होतं. दोघीही ते चुकवत नाहीत.

आता दीप्तीचं काम सांगतो. कंपनीत मी माहितीपुस्तिका लिहितो, त्यामुळे न कळलेली गोष्ट समजावून सांगण्याचा मला सराव आहे.

एका संस्थेनं विदर्भात शाळांच्या छपरांवर, ग्रामपंचायतींच्या गच्च्यांवर तापमान मोजणाऱ्या बाराशे पेट्या बसवल्या आहेत. त्यांचे आकडे आमच्याकडे येतात. पहाटे चारला दीप्तीचा जॉब, म्हणजे तिनं मशीनला नेमून दिलेलं काम, उठतो, ते आकडे आणि मागच्या दहा वर्षांचे आकडे एकत्र घेतो, त्याचे दोनशे तुकडे करतो आणि क्लस्टरच्या दारात उभा राहतो. क्लस्टर म्हणजे चाळीस मशीनचा ताफा आणि त्यावर एक कंडक्टर. हा कंडक्टर म्हणजे एक प्रोग्रॅमच; कुठल्या मशीनवर जागा आहे ते बघून तो एकेक तुकडा तिथं बसवतो. दोनशे हात एकदम लागले की काम दीड तासात उरकतं. जागा नसली की जॉबच्या नावापुढे एकच शब्द दिसतो, पेंडिंग. सगळं सुरळीत झालं तर सातच्या आत रस्त्यावरच्या, वीटभट्ट्यांवरच्या मुकादमांना मेसेज जातो. आज धोका आहे, अकरा ते चार काम बंद ठेवा. मेसेज आला तर मुकादम काम थांबवतो. नाही आला तर थांबवत नाही. इतकं साधं आहे.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी दीप्तीनं बसमध्ये फोन बघितला. चारचा जॉब सात वीसलाही पेंडिंग. तिनं तिथूनच आमच्या टीमप्रमुखांना, प्रीतमसरांना फोन लावला.

"सर, जागा नाहीये. कोणाचं तरी काम थांबवावं लागेल."

"होऊन जाईल ना, मॅडम," प्रीतमसर म्हणाले.

हे त्यांचं आवडतं वाक्य. यात करणारा कोण, कधी आणि कसं, याचा उल्लेख नसतो. बिचारा माणूस वाईट नाही. पण त्याच्या शांतपणानं आजवर जेवढं नुकसान केलं, तेवढं दहा तापट माणसांना जमलं नसतं.

ऑफिसला पोचल्यावरही दीप्तीनं दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ते होऊन जाणार होतं. झालं ते साडेबाराला. कोणाचं तरी मोठं काम संपलं, दीप्तीच्या जॉबला बूड टेकायला जागा मिळाली आणि घाईघाईनं अर्ध्याच आकड्यांवर मेसेज गेला दीडला.

सुभद्राआत्या सव्वाला पडली होती. पदराच्या गाठीत कांदा होता, डोक्यावर ओला दुपट्टा होता, आणि हातातलं घमेलं आधी पडलं की ती, हे कोणाला नीट सांगता आलं नाही. तिला ऑटोत घालत असताना मुकादमाच्या खिशातला फोन वाजला. त्यानं बघितलं. आज अतिउष्णतेचा धोका आहे, उघड्यावर काम करू नये.

आत्या वाचली. तीन बाटल्या सलाइन लागलं, संध्याकाळी डोळे उघडून तिनं पहिला प्रश्न विचारला, "माहं घमेलं कुठं आहे?" तिकडची काळजी मिटली तशी दीप्ती दुसऱ्या दिवशी ऑफिसात आली.

"दीप्ती मॅडम, आधी बसा ना," प्रीतमसर म्हणाले.

"बसाले जागा कुठं ठेवली तुम्ही?"

तिनं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. चाळीसच्या चाळीस मशीन भरलेल्या म्हणून नोंदल्या होत्या. खरं काम पंधरावर चाललं होतं.

"हे बाकीच्या पंचवीस मशीनवर काय चालून राहिलं, सांगा. नाही सांगत? मंग मीच सांगते. झोप! आतमधी लिहिलं आहे, झोपून राहा. अकरा जॉब नुसते झोपून राहिले. माही आत्या उन्हात पडली आन् हे इथं एसीत झोपून राहिले!"

"ते राखीव आहेत मॅडम. ऐन वेळेला जागा मिळत नाही म्हणून टीमवाले धरून ठेवतात."

"म्हणजे रुमाल!"

अख्ख्या मजल्यावरच्या माना वर झाल्या, आणि सगळ्या पुन्हा खाली गेल्या. कारण अकराही रुमालांचे मालक तिथंच बसले होते. एकाचं नाव 'क्लायंट-डेमो', तो डेमो होऊन आठ महिने झाले होते. एक 'मिनल-हलवू-नये'. आणि एक 'पुस्तिका-तात्पुरतं', तो माझा. तात्पुरता म्हणजे गेल्या दिवाळीपासूनचा. पुस्तिकेतली चित्रं तयार करायला मला महिन्यातून एकदा थोडी जागा लागते. सोडली तर पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून सोडत नाही. कोणीच सोडत नाही, म्हणून कोणालाच मिळत नाही. आमच्या बसमध्ये हे सगळ्यांना कळतं आणि सगळे रुमाल घेऊन येतात.

"मी नवीन दहा मशीनसाठी वर मेल टाकतो," प्रीतमसर म्हणाले.

"माहा बाप म्हणते, रिकामा बेल्ट बी वीज खाते. तुम्ही अजून दहा बेल्ट आना, रिकामे फिरवाले!"

मग ती टेबलाटेबलापाशी गेली. "काढ."

"माझा कशाला मॅडम, त्यांचा केवढा मोठा आहे बघा."

"त्यांनी काढला की मी काढतो. देवाशप्पथ."

"आज राहू द्या, उद्या आमचं महत्त्वाचं काम आहे."

ती माझ्यापर्यंत आली तेव्हा मी जमेल तेवढं मऊ हसलो. "दीप्ती, माझा अगदीच छोटा आहे. खिशातला."

"छोट्या रुमालावर बी माणूस बसत नाई, भाऊ."

मला लाज वाटली. रुमाल मी तरीही काढला नाही, कारण बाकीच्यांनी काढला नव्हता. हे लिहिताना माझा मलाच राग येतो आहे. पण त्या दिवशी रागाचा सगळा साठा तिच्याकडे होता.

जेवणाच्या सुट्टीनंतर ती अकराही जॉबच्या फाइली उघडून वाचायला बसली. कोणाचा रुमाल किती जुना, त्याची यादी करून थेट वरच्या साहेबांकडे जायचं तिनं ठरवलं होतं. मी माझ्या जागेवरून बघत होतो. पहिली फाइल वाचताना तिचे ओठ हलत होते, बहुधा मिनलच्या नावानं. दुसऱ्या फाइलला ओठ थांबले. तिसरी, चौथी, पाचवी. मग ती खुर्चीला टेकून बसली.

"भाऊ, जरा इकडे येता का?"

शुद्ध, स्वच्छ मराठी. मी घाबरलोच.

मिनलची फाइल उघडी होती. फाइलीच्या माथ्यावर लिहिलं होतं: 'सध्या जागा धरून ठेवते. कधी उठायचं ते उद्या टाकते. — दीप्ती.' तिनं प्रीतमसरांची उघडली. 'उद्या टाकते. — दीप्ती.' क्लायंट-डेमो, तेच. माझी, तेच. अकरा फाइलींत अकरा वेळा तीच सही.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी उन्हाच्या जॉबची पहिली चाचणी होती. त्याला जागा मिळावी म्हणून दीप्तीनंच एक झोपणारा जॉब लिहिला. जागा धरण्यात गैर काही नाही. फक्त त्या जॉबला एक ओळ सांगावी लागते, की खरं काम आलं की ऊठ. ती ओळ तिनं दुसऱ्या दिवसावर टाकली, चाचणी पार पडली, दुसरा दिवस राहून गेला. पण लोणारे मॅडमची फाइल चालते म्हटल्यावर एकानं ती उचलली, त्याची दुसऱ्यानं, अशी ती मजलाभर फिरली. आमच्याकडे फाइल उचलतात, वाचत नाहीत. मीही वाचली नव्हती. आणि मला पगार मिळतो तो वाचण्याचा आणि लिहिण्याचा.

"काढून टाकू का सही?" मी हळूच विचारलं. "कोणाला कळणार नाही."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तो प्रश्न परत घेतला.

ती उभी राहिली आणि सगळ्यांना पडद्यापाशी बोलावलं. "ऐका. हा पहिला रुमाल माहा होता. उठायची ओळ मी लिहिली नाई. दोन वर्षं नाई लिहिली. माही आत्या माह्या आळसापायी पडली, हे मी तिले आज दवाखान्यात जाऊन सांगणार आहे."

प्रीतमसरांच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू उगवायला लागलं. "चला, म्हणजे कारण सापडलं. तर आता हे..."

"हसू नका सर! मी चुकली म्हणून तुम्ही सुटले नाई. माहा एक होता, अकरा तुमचे होय. वर माहं नाव लिहून होतं, उद्या टाकते म्हणून. एकानं तरी इचारलं का, बाई, तो उद्या कधी येणार होय? आन् काल मी तीनदा सांगितलं. तीनदा! तुमचं होऊन जाईल ना, होऊन जाईल ना. झालं ना मंग!"

मिनल नखं बघत होती. दीप्ती बसली आणि तिनं सगळ्यांसमोर अकराही फाइलींत ती ओळ घातली: उन्हाचं काम आलं की जागा सोड. परवानगी तिनं मागितली नाही आणि प्रीतमसरांनी, आयुष्यात पहिल्यांदा, 'होऊन जाईल ना' म्हटलं नाही. मग तिनं उन्हाचा जॉब चालवून बघितला. पडद्यावर एकेक झोपलेला उठायला लागला. सगळ्यात आधी उठला 'पुस्तिका-तात्पुरतं'. मला उगीचच अभिमान वाटला. काम एक तास वीस मिनिटांत संपलं.

'उद्या टाकते' ही ओळ तिनं सगळीकडून खोडली. खालचं नाव मात्र ठेवलं.

गुरुवारी मेसेज सहा छत्तीसला गेला. बसमध्ये मी जरा लवकर चढलो आणि खिडकीजवळच्या एका सीटवर माझा स्वच्छ रुमाल टाकून ठेवला. आदल्या दिवशीचं थोडं फेडावं, एवढाच हेतू होता.

"हे कोण होय?"

"तुझ्यासाठी धरली आहे."

"मी अठीच उभी आहे ना, भाऊ? मंग मी बसीन ना? रुमाल काहून?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सुभद्राआत्याचा आवाज मागच्या सीटपर्यंत पोचत होता.

"वं दीप्ती! तुह्या मशीननं मेसेज धाडला म्हणे. मुकादम अकराले काम बंद करते. मी सोमवारी परत जाणार तं हेच करशीन का? भरदुपारी घरी बसून का माशा मारू?"

"सोमवारी? डॉक्टरनं पंधरा दिवस सांगितले ना तुले!"

"डॉक्टरचे हाडं गंजत नाई!"

"आत्या, मी सांगून राहिली, तू सोमवारी घराच्या बाहेर पाय टाकला ना, तं मी बाबाले दारात बसवीन!"

"त्याले बसव नाई तं आडवा टाक. मी वरून जाईन. आन् काल दवाखान्यात येऊन रडली काहून वं? माहं नाव घेऊन? माह्यासाठी रडू नको. मेसेज धाडत जाय टाइमावर."

दीप्ती काही तरी ओरडणार होती. पण तिकडून फोन ठेवलेला होता. फोनवर बोलता बोलता तिनं माझ्या रुमालाची घडी घातली होती, चारही कोपरे जुळवून. ती तिनं दांडीवर टाकली आणि खिडकीजवळ बसली. बाकीच्या सगळ्या सीटांवर रुमाल होते, म्हणून मी उभा राहिलो.

"भाऊ," मानकापूर यायच्या आधी ती म्हणाली, खिडकीबाहेर बघत, "उचला ना एखादा. हात नाहीत का तुम्हाला?"

मी निळ्या चौकड्यांचा उचलला.