कुरणात कोणी काठ्या रोवल्या?

मोरेश्वर लेले यांच्यावर कोणी उपकार केला की त्यांच्या मनात आधी पाल चुकचुकायची. पुण्याहून संगणकाच्या नोकरीसाठी आले, नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावाच्या कडेला घर घेतलं, घरामागे एकरभर कुरण मिळालं, आणि तेव्हापासून बिचाऱ्यांची झोप उडाली. जमीन नसलेला माणूस किती निवांत असतो!

शेजारी विलेम नावाचा म्हातारा गायीवाला. हे कुरण तो दरवर्षी फुकट कापून द्यायचा, तेही जून उलटल्यावर, टिटव्यांची पिल्लं उडून गेली की. यातलं 'फुकट' मोरेश्वरांना पचत नव्हतं. त्यांच्या आजोबांनी कोकणातली जमीन अशीच एकाला 'बघ रे जरा' म्हणून सोपवली होती. पुढे कूळकायदा आला आणि तो बघणारा मालक झाला. दुधानं पोळलेलं घराणं, ताक फुंकूनच पिणार.

कोविडच्या दुसऱ्या वसंतात विलेमनं पाण्याच्या चरापलीकडून, नियमाचं अंतर राखून, एक गोष्ट सुचवली.

"कुरणावर पक्षीरक्षण संस्थेचा करार चढव. जमीन तुझीच. फक्त तिथे बांधायचं नाही, नांगरायचं नाही, पिल्लं उडेपर्यंत गवत कापायचं नाही. तूही नाही आणि तुझ्यानंतर विकत घेणाऱ्यानंही नाही. माझ्या कुरणावर मी केलाय."

"म्हणजे सातबारा माझ्या नावावर आणि हुकूम त्यांचा!" मोरेश्वर घरात येऊन बायकोला, मृदुलाला म्हणाले. "गोगलगाय नि पोटात पाय!"

मग नवरा-बायको दोघांनाही कोविड झाला. दार बंद. विलेम उंबऱ्यावर सूप ठेवून जायचा. एकदा त्यानं खिडकीबाहेर उभं राहून, कुरणाकडे बोट दाखवत बरंच काही सांगितलं. काचेतून आणि खोकल्यातून एक अक्षर कळलं नाही. बला टळावी म्हणून मोरेश्वरांनी मान डोलावली.

बरे होऊन मागे गेले, तर कुरणात बांबूच्या काठ्या. दोन-दोनच्या जोड्या, पार मधोमध.

"आपण अंथरुणात, आणि यानं मोजणी उरकली!"

"अहो, मोजणी कशाला करेल तो?" मृदुला म्हणाली. "इथे जमिनीचा नकाशा ऑनलाइन मिळतो."

"तेच तर! नकाशा मिळत असताना काठ्या कशाला?"

"फोन करून विचारा ना त्याला."

"चोरालाच विचारू, चोरी केलीस का म्हणून?"

मृदुलानं कोपरापासून हात जोडले. मोरेश्वरांनी सगळ्या काठ्या उपटल्या. वहिवाट कोणाची आहे ते चारचौघांना दिसावं म्हणून बसून चालवायचं गवतकापणी यंत्र भाड्यानं आणलं आणि ऐन मे महिन्यात कुरण साफ केलं. काम झाल्यावर यंत्र बंद केलं, तेव्हा कुठे त्यांना टिटव्यांचा आक्रोश ऐकू आला. डोक्यावर घिरट्या घालत होत्या. कापलेल्या गवतात अंड्यांची कवचं होती, आणि जे पिल्लू दिसलं त्याकडे मोरेश्वरांना बघवेना.

विलेम चराच्या काठावर आला. चिडला असता तर बरं झालं असतं.

"प्रत्येक दोन काठ्यांमध्ये एक घरटं होतं," तो म्हणाला. "यंत्र वळवून न्यावं म्हणून रोवतो आम्ही. तू खिडकीतून हो म्हणालास, म्हणूनच मी आत आलो."

आयुष्यात इतकी लाज मोरेश्वरांना कधी वाटली नव्हती.

उन्हाळा सरता सरता ते मास्क लावून नोटरीबाईंसमोर बसले. स्वभावाला औषध नाही; करारातलं एकेक कलम त्यांनी पुन्हा पुन्हा वाचायला लावलं, स्वल्पविरामावरही शंका काढल्या. बाईंचा धीर सुटत चालला होता.

"हे बंधन कायमचं आहे, पुन्हा काढता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा पुढच्या मालकावर अजिबात भरवसा नाही वाटतं?"

"पुढचा चांगलाही निघेल," मोरेश्वर पेन उचलत म्हणाले. "मला धास्ती आहे ती आत्ताच्या मालकाची."