बिनकडीचं विमान

“दरवाजा किधर है? हम पूछता है, दरवाजा किधर है?”

साहेब ओरडत होता. साधंसुधं ओरडणं नव्हे. त्या आवाजानं आमच्या लष्करी सुतारशेडच्या पत्र्यावरची झाडून सगळी कबुतरं उडाली आणि त्यातली दोन पुन्हा नगरच्या हद्दीत कुणाला दिसली नाहीत. पलीकडं किल्ल्यात त्या दिवसांत सरकारनं देशाचे पुढारी कोंडून ठेवले होते. तो गलका ऐकून स्वराज्य आलं की काय म्हणून त्यांनी वळकट्या बांधायला घेतल्या असणार, याबद्दल माझी खात्री आहे.

साहेबापुढं विमान उभं होतं. म्हणजे विमानाचं तोंड. नाकाच्या शेंड्यापासून वैमानिकाच्या पाठीपर्यंत, खऱ्या मापाचं, सगळं लाकडी. मागं शेपूट नाही, बाजूला पंखांचे नुसते खुंट. डाव्या अंगाला आत शिरायची चौकट होती, माशी बसली तर घसरून पडावी इतकी गुळगुळीत. पण त्या चौकटीला दार नव्हतं. बिजागरी नाही, कडी नाही. नकाशात मात्र सगळं होतं. मीच ते शाईनं उतरवून काढलं होतं.

तासाभरात पुण्याहून हवाई दलाचा एक वैमानिक ते बघायला येणार होता. तो हो म्हणाला तर नकाशे वर जाणार आणि असलं विमान खरोखर बनणार. नाही म्हणाला तर शेडला टाळं, आणि आम्ही सगळे पुन्हा दारूगोळ्याची खोकी ठोकायला मोकळे.

“मिस्त्री,” मी हळूच म्हणालो, “दार राहिलं की हो.”

ते लाकूड घडवणाऱ्या मिस्त्रींनी चौकटीवरून हात फिरवला. “ऱ्हायलं न्हाई, मास्तर. चौकट हाय की.”

“अहो, चौकटीला फळी? कडी?”

“ती कशापायी?”

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि कपाळावर हात मारला. आमचे मिस्त्री शिंगणापूरचे! तिथं घरांना दारं लावत नाहीत. शनिमहाराजांची राखण आहे, चोराची काय बिशाद. म्हणजे या माणसाच्या आज्यानं चौकटी केल्या, बापानं चौकटी केल्या, यांनी पन्नाशीपर्यंत गाड्या, नांगर, पाळणे सगळं केलं, पण कडी म्हणून हातानं कधी बसवली नव्हती. त्यांनी मुद्दाम दार गाळलं असं नव्हे. माशाला छत्री घ्यावी असं जसं सुचत नाही, तसं ते त्यांना सुचलंच नव्हतं.

आता खरं सांगतो, आणि मी खरं क्वचितच सांगतो म्हणून नीट ऐका. ते दार नाही हे मला चार दिवस आधीच दिसलं होतं. मी बोललो नाही. कारण त्या माणसाचा रंधा चालू असताना मध्ये बोलायची माझी छाती नव्हती. मिशनच्या शाळेत मी ड्रॉइंग शिकलो, पट्टी-कंपासानं रेघा ओढायला शिकलो. पण मी शंभर मापं घेऊन जी गोलाई कागदावर आणायचो, ती हा माणूस एक डोळा मिटून लाकडात आणायचा. त्यांच्या रंध्याखालून निघालेली साल इतकी पातळ असायची की तिच्याआडून मी एकदा अख्खं वर्तमानपत्र वाचलं होतं. बरं, अर्धं वाचलं होतं.

पण हे विमानाचं खूळ आमच्या शेडमध्ये शिरलं कसं, ते सांगायला हवं.

साहेब मूळचा रणगाड्यांवरचा. आफ्रिकेच्या वाळवंटातल्या लढाईत त्याच्या डोळ्यांदेखत आपलंच विमान आलं आणि आपल्याच माणसांवर बाँब टाकून गेलं. वैमानिक वाईट नव्हता. विमान उंचावर होतं, सुसाट होतं आणि पुढं भलं मोठं इंजिन, त्याच्या आड खालचं काही दिसतच नव्हतं. साहेब जखमी होऊन नगरच्या कँपात आला तो हेच डोक्यात घेऊन. जमिनीवरच्या फौजेला मदत करणारं विमान जमिनीवर लढलेल्या माणसानंच आखलं पाहिजे. ते हळू उडेल, झाडाच्या उंचीवरून जाईल, आणि खालून गोळ्या लागणारच, म्हणून वैमानिक पोलादाच्या जाड कढईत बसलेला असेल. तेवढी कढई आम्ही सागवानाची केली होती.

शेडमध्ये हे काम सुरू झालं त्या महिन्यात माळावर सराव होता. मी आणि मिस्त्री बघायला गेलो. आधी काहीच नव्हतं, नुसतं ऊन. मग टेकडीमागून एक विमान असं खालून आलं की माझी टोपी उडाली ती थेट भिंगारच्या वेशीत सापडली. पोटाखालचे रिबिट मी मोजले. त्याची सावली आमच्या अंगावरून गेली आणि क्षणभर अंगाला गारवा लागला, देवाशपथ. समोरच्या चुन्यानं आखलेल्या चौकोनातून मातीचे खांब आभाळात उठले आणि तिथंच थबकल्यासारखे उभे राहिले. आवाज नंतर आला. मी जमिनीवर पालथा. उठून बघतो तर मिस्त्री जागचे हलले नव्हते. डोळ्यांवर हात धरून ते आभाळाकडं बघत होते. देवळात नवी मूर्ती बसवताना माणसं बघतात तसे.

मग म्हणाले, “मास्तर, खाली कोन हाय ते त्या वरच्याला दिसतंय का?”

त्यांचा थोरला मुलगा ब्रह्मदेशच्या आघाडीवर पलटणीत होता. चार महिन्यांत पत्र नव्हतं.

मी तो प्रश्न इंग्रजीत करून साहेबाला सांगितला. साहेब खुर्चीतून उठला. टेबलावरचा मी तीन आठवडे राबून काढलेला नकाशा त्यानं उभा फाडला. मी तुकडे गोळा करायला वाकलो, पण साहेब हसत होता. “यही,” तो म्हणाला, “यही सवाल है!” आणि त्यानं नवा कागद पसरला. नाक आखूड, उतरतं. वैमानिक पार पुढं.

त्यानंतर मिस्त्रींनी जे केलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. लाकडी तोंड त्यांनी घोडीवर, म्हणजे लाकडी मचाणावर, दोन पुरुष उंच चढवलं. डोक्यावरचं लाल पागोटं सोडून समोर माळावर अंथरलं आणि चार कोपऱ्यांना दगड ठेवले. मला बैठकीत बसवलं.

“दिसतंय का?”

“नाही.”

मग नाक तासायचं. पुन्हा, “दिसतंय?” “टोक दिसतंय.” पुन्हा तासायचं. पागोटं जरा जवळ सरकवायचं, पुन्हा तासायचं. अकरा दिवस हा माणूस भर उन्हात बोडक्यानं फिरला आणि एकेक केस काढावा तसं लाकूड काढत गेला. बाराव्या दिवशी मी वरून ओरडलो, “सगळं दिसतंय, मिस्त्री! दगडसुद्धा!” ते खाली उभे होते, पागोट्याशेजारी. त्यांनी वर बघितलं. “आन मी?” म्हणाले.

“तुम्हीपण.”

तेव्हा कुठं त्यांनी रंधा खाली ठेवला. मी आयुष्यात मोठमोठी देवळं बघितली, धरणं बघितली, पण त्या घटकेला त्या लाकडी नाकापुढं जशी मान खाली गेली तशी कुठंच गेली नाही.

आणि आता ऐन तपासणीच्या दिवशी, घोडीवरून उतरवून माळाकडं नाक करून मांडलेल्या त्या तोंडाला दार नव्हतं.

“एक तख्ता लगाओ, कुछ भी लगाओ!” साहेब आता रडकुंडीला आला होता. मिस्त्री म्हणाले, “फळी देतो की,” आणि त्यांनी एक पातळ फळी मापानं कापून चौकटीला नुसती टेकवून ठेवली. खाली खाच, वर काही नाही.

“हे काय?” मी विचारलं.

“आमच्याकडं असंच. रातीचं कुत्रं शिरू नये म्हनून.”

तेवढ्यात मोटार आली.

वैमानिक पोरगेलासा होता, पण मानेपासून कानापर्यंत भाजल्याची चकाकती कातडी. तोही वाळवंटातच उडालेला. फळी उचलून बाजूला ठेवली, आत बसला, फळी ओढून घेतली. समोर माळावर पागोटं होतंच. त्यानं बघितलं, मान डोलावली. साहेबाला जरा श्वास आला. “दार होतंय,” तो घाईनं इंग्रजीत म्हणाला, “आज संध्याकाळपर्यंत कडीसुद्धा...”

वैमानिकानं खांद्यानं फळी ढकलली. फळी धाडकन खाली. तो बाहेर. पुन्हा आत, फळी टेकवली, खांदा, बाहेर. असं त्यानं सात वेळा केलं. माझ्या सांगण्यात हे सतरा वेळा होतं, पण इथं लिहून ठेवतोय म्हणून सात. शेवटच्या खेपेला तो बाहेर आला तेव्हा त्याचा हात आपसूक मानेवरच्या त्या कातडीवर गेला होता.

मग तो साहेबाशी अगदी हळू बोलला. मी जवळ होतो म्हणून ऐकलं. इतक्या खालून उडताना पेटलेलं विमान जमिनीवर टेकवलं की बाहेर पडायला माणसाला तीन श्वास मिळतात. त्याच्या विमानाची कडी दोन श्वास उघडली नव्हती. त्याचा सोबती वेगळ्या विमानात होता, त्याची कडी उघडलीच नाही.

“ये किसने बनाया?” त्यानं विचारलं.

मी मिस्त्रींना पुढं ढकललं. वैमानिकानं आधी त्यांचे हात बघितले, उलटे सुलटे करून, ज्योतिषी बघतो तसे. मग खिशातून खडू काढून चौकटीशेजारी इंग्रजीत लिहिलं: कडी लावू नये.

“वारा आत येईल त्याचं काय?” साहेबानं विचारलं.

“वारा चालतो,” तो म्हणाला.

नकाशे गुंडाळून, लाखेचं सील मारून वर गेले. वर म्हणजे कुठं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. पुढं लढाई संपली, साहेब विलायतेला गेला, शेडमध्ये पुन्हा खोकी आली. ते विमान कधी बनलं की नाही, देव जाणे. मी मात्र पुढं कुठलंही विमान दिसलं की शेजाऱ्याला कोपरानं ढोसून सांगत आलो, “त्याची डावी बाजू आमच्या नगरची!”

लाकडी तोंड दारालगतच्या कोपऱ्यात, माळाकडं नाक करून, धूळ खात पडलं होतं. आणि एका दुपारी मिस्त्रींचा पलटणीतला मुलगा शेडच्या दारात येऊन उभा राहिला. अंगानं निम्मा, डोळे हळदीसारखे पिवळे, हिवतापानं पोखरलेला, पण दोन पायांवर उभा. मिस्त्रींनी त्याला हाताला धरून लाकडी बैठकीत बसवलं. पागोटं सोडलं, बाहेर माळावर नेऊन अंथरलं, चार दगड ठेवले आणि पागोट्याशेजारी उभे राहिले.

“दिसतंय का रं?”

“दिसतंय की, आबा. लांबचं बी दिसतंय.”

मला राहवेना. मी त्याला सगळं सांगितलं, अकरा दिवस, सात वेळा, खडू, माझ्या पद्धतीनं चांगलं फुगवून. त्यानं बापाकडं बघितलं, समोरच्या उघड्या माळाकडं बघितलं. बाभळीचं एक झुडूपसुद्धा नव्हतं तिथं.

“तिकडं ब्रह्मदेशात नुसती झाडी हाय, आबा,” तो म्हणाला. “आमालाच आभाळ दिसत नव्हतं.”