मुकं बी

फोन आला तेव्हा मी प्रज्ञाताईंच्या घरी ओट्याशी उभी होते. ताईंना उद्या दवाखान्यातून सोडणार असं सकाळीच कळलं होतं, आणि त्यांनी निरोपही पाठवला होता, "मंदाले सांगा, वालाची उसळ करून ठेवजो." म्हणून वाल भिजवून फडक्यात बांधले होते. ताईंचा भाचा फोनवर एवढंच म्हणाला, "मंदामावशी, आत्या गेली..."  त्या गडबडीत वाल तसेच फडक्यात राहिले. आठवण झाली तेव्हा मोड आलेले. शिजवायला हात होईना आणि टाकवेनातही. शेवटी बाल्कनीतल्या कुंड्यांत लावून टाकले. आज हे लिहितेय तर वेल कठड्याला लागलेत.

मी चिखलीकडच्या उंद्रीची. सातवीत शाळा सुटली. लग्न झाल्यावर मिस्त्रीकाम करणाऱ्या नवऱ्यामागे हैदराबादेत आले. पेपरात लिहायला मला धीर होत नाही. माझ्या हातून काही चुकलं तर नाव ताईंचं खराब होईल असं वाटत राहतं. पण मला रोज पेपर मोठ्यानं वाचायला लावलं ते त्यांनीच, आणि वाचून झाल्यावर "यात तुले काय पटलं नाही, सांग" असं विचारायच्याही त्याच. तेव्हा लिहिते.

प्रज्ञाताई इथल्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायच्या. मी कामाला विचारायला गेले तेव्हा त्यांनी हिंदीत विचारलं, कुठची? मी म्हटलं, महाराष्ट्र. महाराष्ट्रात कुठं? बुलडाण्याकडं. तशा त्या खुर्चीतून उठल्याच. "बुलडाण्यात कुठं वं?" त्या 'वं'नं मला रडू फुटलं. किती महिने झाले होते, या शहरात मला कोणी 'वं' म्हटलं नव्हतं. त्या डोणगावच्या निघाल्या. "रडतं काऊन? आधी च्या मांड, दोघींचा मांड," म्हणाल्या. त्या दिवसापासून ते घर माझं झालं.

त्यांच्याकडे एक पत्र्याचा डबा होता. राखेत घोळलेलं वालाचं बी त्यात असायचं. आमच्याकडे बायका बी देतात तेव्हा नुसतं देत नाहीत, ज्याच्या घरून आलं त्याचं नाव सांगून देतात. हे अमकीचं, तिला तमकीनं दिलेलं. घेणारीही पुढे देताना ती नावं घेते आणि शेवटी देणारीचं नाव जोडते. नाव न घेता दिलं तर ते मुकं बी. मुकं बी उगवत नाही म्हणतात. उगवत असेलही, पण घेणारी बाई ते पेरत नाही एवढं खरं. ताईंनी याच्यावरच मोठा लेख लिहायला घेतला होता. बाजार नाही, पावती नाही, तरी एका गावचं बी दुसऱ्या गावी अनोळखी बाई बिनधास्त कशी पेरते? तर नावामुळं. बी खोटं निघालं तर नाव बुडतं. त्यांचा विद्यार्थी निखिल गावोगाव हिंडून बायकांना विचारून आला होता. मूळचा पुण्याचा, माझ्या बोलण्याला हसायचा, पण मंदाताई, मंदाताई करत माझ्या हातच्या भाकरी खायचा. लेख परदेशातल्या मोठ्या मासिकानं जवळजवळ घेतलाच होता. त्यात सुरुवातीलाच लिहिलं होतं की या गोष्टीकडे आजवर कोणी पाहिलेलं नाही.

त्याच सुमारास डोणगावला ताईंच्या घरी लग्न होतं. मलाही सोबत नेलं. वाटेत एका जुन्या कॉलेजच्या लायब्ररीत त्या काहीतरी बघायला शिरल्या आणि बराच वेळ बाहेर येईनात. मी आत गेले तर उभ्यानंच एक जाडजूड बाड वाचत होत्या. टाइप केलेलं मराठी, पानं पिवळी पडलेली. समाजशास्त्राचा प्रबंध, कोणा कुसुमबाईंचा. "मंदा," त्या हळूच म्हणाल्या, "हे सगळं या बाईनं आधीच सांगून ठेवलं वं. नाव, इमान, मुकं बी... सगळं."

कुसुमबाई चिखलीत राहत होत्या, थकलेल्या. आम्ही गेलो तर हसायलाच लागल्या. "माह्यं कोण वाचते बाई? मार्गदर्शकानं तरी वाचलं का नाही, मले शंकाच हाय. अन् मी तरी काय केलं, बायांनी सांगितलं ते लिहिलं."

परत आल्यावर निखिल आला. मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघांचं चाललं होतं. "मॅडम, तो समाजशास्त्राचा प्रबंध आहे. मराठीत, न छापलेला. कोण विचारणार आहे आपल्याला?"

"कोणी विचारणार नाही, तेच तं."

"पण हिशेब आपण मांडलाय. सिद्ध आपण केलंय."

"हिशेब आपला. तसं छातीठोक लिहू. पण गोष्ट तिची हाय, निखिल. आपण अर्थशास्त्रवाले आपल्याच गल्लीत एकमेकांची दारं वाजवतो. पलीकडच्या गल्लीतली बाई ओरडून सांगून राह्यली, अन् आपण म्हणतो, आवाजच नाही आला."

निखिलनं कप बाजूला सारला. मग म्हणाला, "माझी मुलाखत या लेखावर उभी आहे, मॅडम. तुमची नोकरी पक्की आहे..."

ते ताईंना लागलं. त्या दिवशी त्यांनी काहीच ठरवलं नाही. पुढचे कितीतरी दिवस जेवताना मध्येच थांबायच्या. एकदा मला म्हणाल्या, "माह्यं मी सोडून देईन वं. त्याचं कसं सोडू?" मला काय कळणार? मी भाजी वाढली. भीती मात्र वाटत होती, दोघांपैकी कोणाचं तरी मन मोडणार म्हणून. शेवटी त्यांनी निखिलला बोलावलं, हवं तर तुझा वेगळा भाग तू तुझ्या एकट्याच्या नावानं पाठव म्हणाल्या, पण 'आजवर कोणी नाही' हे वाक्य काढलं आणि त्या जागी कुसुमबाईंचं नाव घातलं. मासिकाला तसं कळवलं. तिकडून उत्तर आलं, मग यात नवं काय? लेख परत आला. निखिलला ती नोकरी मिळाली नाही. पुढे लांब कुठेतरी मिळाली, पण तो आमच्याकडे यायचा थांबला. भाकरी करताना चुकून त्याची एक जास्त व्हायची.

लेख मग एका लहान मासिकात आला. ताई तो घेऊन चिखलीला गेल्या, मी सोबत. कुसुमबाईंनी इंग्रजीतलं आपलं नाव कुठे आहे ते विचारलं, तिथं बोट ठेवलं, दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "च्या तं घेसान ना?" बस, एवढंच. परतताना गाडीत ताई खिडकीबाहेर बघत होत्या. मी विचारलं, "निखिलदादाची आठवण येऊन राह्यली का?" "हाव," म्हणाल्या.

ताईंच्या पुण्यानुमोदनाला घर भरलं होतं. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली, आणि स्वयंपाकघराच्या दारात निखिल उभा. केस पिकायला लागलेले. मी त्याला ताट वाढलं. तो जेवला आणि म्हणाला, "मंदाताई, खोटं नाही बोलत. मला अजूनही वाटतं, मॅडमनी थोडं थांबायला हवं होतं. माझी नोकरी लागेपर्यंत तरी." मी म्हटलं, "त्यांनाही ते वाटायचं, दादा." तो हात धुवायला उठला आणि फळीवरच्या त्या डब्यापाशी थांबला.

"थोडं बी देता? माझ्याकडे अंगण आहे आता."

मी राख झाडून मूठभर वाल कागदात बांधले आणि त्याच्या हातात दिले. मन ठिकाणावर नव्हतं, मी तशीच वळले. तो हलला नाही. पुडी हातात धरून म्हणाला, "कोणाचं?"

 मग पदर सावरून मी सांगितलं, "डोणगावच्या जनाबाईचं. तिनं ताईंच्या आईला दिलेलं. आईनं ताईंना."

तो ओठांतल्या ओठांत नावं म्हणत गेला, परीक्षेला बसल्यासारखा. जनाबाई, ताईंची आई, प्रज्ञाताई... मग माझ्याकडे बघून शेवटचं जोडलं, "आणि उंद्रीची मंदा." आणि पुडी वरच्या खिशात ठेवली.