अस्वल येईपर्यंत

आष्टीच्या बाजारात ते कॅमेरा मांडत. सगळे त्यांना फोटोवाले मामा म्हणत. काळं कापड डोक्यावर घेतलं, की ते बराच वेळ बाहेर येत नसत. उन्हात गिऱ्हाईक घामाघूम होई आणि आतून कुजबुज येई, "बिलकुल हलू नका. अस्वल यिऊन राह्यलंय."

तरुणपणी ते कुणा नवाबाबरोबर काश्मिरात गेले होते. रानातल्या अस्वलाचा फोटो मिळावा म्हणून फांद्यांच्या आडोशाला बर्फात दिवसच्या दिवस बसले होते. त्या कापडाखाली अजूनही बर्फ पडत असावा, असं मला वाटे.

एकदा एक दरवेशी आपलं अस्वल घेऊन आला. "आमचा दोघांचा फोटो काढा," म्हणाला.

"आधी त्याचा दोर सोड," मामा म्हणाले.

त्यानं दोर सोडला, तशी माणसं पळाली. अस्वल मात्र जागचं हललं नाही. मागच्या पायांवर उभं राहून ते कॅमेऱ्याला सलाम करत राहिलं.

मामा कापडाखाली गेले. सावल्या लांबल्या, तरी बाहेर येईनात. शेवटी मीच जवळ जाऊन विचारलं, "मामा, काय झालं?"

आतून हळू आवाज आला, "अस्वल अजून आलंच न्हाई."