तीनहाके काका

पेडणेकर काकांना पहिल्या हाकेला ओ द्यायला लावेल असा माणूस आमच्या सोसायटीत नव्हता. सेक्रेटरी असो, कुरियरवाला असो, नाहीतर सख्खी बायको. पहिली हाक गेली की काका दगड. दुसरीला मान जराशी हलायची. तिसरीला मात्र अशी खणखणीत ओ यायची की हाक मारणाराच दचकायचा. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात काढलेला, लोकांची बोलणी एकमेकांना जोडून दिल्याचा पगार घेतलेला हा माणूस स्वतः मात्र तीन घंट्या झाल्याशिवाय उचलायचा नाही. सोसायटीने त्यांचं नाव तीनहाके काका पाडलं होतं. त्यांना ते माहीत होतं, आणि त्या नावानेही तीनदाच हाक मारावी लागायची.

हे खूळ मालवणकडच्या गावातून आलेलं. लहानपणी तिन्हीसांजेला अंगणाबाहेरून कोणी हाक मारली की आई तोंडावर हात ठेवायची आणि सांगायची, "पयल्या हाकेक ओ देवची नाय." कारण भूत एकदाच हाक मारतं. माणूस असेल तर पुन्हा मारील, गरज असेल तर तिसऱ्यांदा मारील. मी एकदा विचारलं, काका, तुमचा भुतांवर खरंच विश्वास आहे? ते म्हणाले, "भुतांवर नाय रे. ब्लेडवर आहे."

हे ब्लेड त्यांच्या गॅरेजमधलं. रिटायर झाल्यावर काकांनी गाडी विकली आणि तिच्या जागी टेबल सॉ आणला. लोखंडी टेबल, त्याच्या मधोमध वर डोकावणारं गोल करवतीचं पातं, आणि आपण लाकूड त्याच्यावर ढकलत न्यायचं. मशीन चालू असताना मागून हाक आली आणि मान वळली, की लाकडाबरोबर हातही पुढे जातो. "भुताचा आणि ब्लेडचा नियम एकच," काका म्हणायचे. "दोघं वळणाऱ्याची वाट बघत असतात."

काकूंनी या नियमाशी संसार केला होता. तळमजल्यावरच्या त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर गॅरेजसमोर उघडायची. पहिली हाक नुसती 'अहो'. दुसरी 'अहो, चहा निवतोय'. तिसरी हाक तोंडाने नसायचीच. ग्रिलला एक पळी कायमची लटकवलेली होती, ती त्या ग्रिलवर आडवी वाजवायच्या. तो आवाज पलीकडच्या विंगपर्यंत जायचा आणि तिथलेही दोन-चार जण चहाला उठायचे.

या गॅरेजात माझा प्रवेश चपलांच्या रॅकमुळे झाला. मी पहिल्या मजल्यावर राहायचो. घरी बसून लॅपटॉपवर कोष्टकं भरण्याची नोकरी, आणि मधल्या वेळात सुतारकामाचे व्हिडिओ बघण्याचा नाद. त्या व्हिडिओतले गोरे लोक बोलत बोलत जेवणाचं टेबल करतात, तर आपल्याला एक रॅक का जमू नये, असं मला वाटलं. रॅक झाला. सुजाताने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यावर चपला ठेवल्या आणि त्या सगळ्या हळूहळू उजवीकडे सरकून एकामागून एक खाली उतरल्या. काका तो रॅक बघायला खास वर आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "मिलिंदा, ही चांगली सोय केलीस. बाहेर जायचं असलं की चपला आधीच निघतील." दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या गॅरेजात झाडू मारायला लागलो.

राउटरचं प्रकरण काकूंनी सुरू केलं. काकांनी जुन्या सागवानी दारांचे पाट केले होते, घरी आलेल्या प्रत्येकाला ते त्यावर बसवायचे. मजबूत इतके की रणगाडा टेकवावा, पण कडा सुरीसारख्या. काकू म्हणाल्या, "तुमच्या पाटावरून उठलं की मांडीवर रेघ उठते. कडा गोल करून द्या, नाहीतर मी आपली खुर्चीवर जेवेन." कडा गोल करायचं यंत्र म्हणजे राउटर. मी ते ऑनलाइन मागवून दिलं, आणि सुजाता आठवडाभर विचारत राहिली की आपलं वायफाय अजून का रखडतंय.

राउटर हातात धरून चालवता येतो, पण खरी मजा तो टेबलाखाली उलटा टांगून, नुसतं फिरणारं पातं वर काढून ठेवण्यात. त्यासाठी वेगळं टेबल हवं. गॅरेजात टेबल सॉ, पाण्याचा पंप, मुलीची शाळेतली सायकल आणि आम्ही दोघं, एवढ्यात जागा संपत होती. मग काकांनी ठरवलं, टेबल सॉच्या उजव्या बाजूची लोखंडी पट्टी काढून तिथे जाड प्लायची फळी जोडायची आणि तिच्या पोटाला राउटर टांगायचा. एकाच टेबलावर दोन यंत्रं. "मुंबईत जागा मागायची नसते," काका म्हणाले. "असलेल्या माणसाच्या मांडीवर बसायचं असतं."

फळीच्या मधोमध एक चौकोनी भोक, भोकाच्या आत चारी बाजूंनी खाच, त्या खाचेवर ॲल्युमिनियमची प्लेट टेकलेली, आणि प्लेटला खालून राउटर. खाच महत्त्वाची, प्लेट बसते ती खाचेवर. भोक पाडायचं काम माझ्याकडे आलं. मी प्लेट फळीवर ठेवली, तिच्या कडेने पेन्सिल फिरवली आणि तेवढं सगळं लाकूड अत्यंत सफाईने कापून काढलं. प्लेट ठेवली. ती राउटरसकट भोकातून आरपार गेली आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर उतरली. काका वाकून त्या भोकातून माझ्या पायाकडे बघत म्हणाले, "छान खिडकी केलीस. आता पडदे शिव."

दुसरी फळी त्यांनी स्वतः करायला घेतली. दुपारची वेळ होती. ते राउटर दोन्ही हातांनी धरून खाच कोरत होते आणि मी व्हॅक्यूमचा पाइप धरून भुसा ओढत होतो. त्या आवाजातही हाक आम्हा दोघांना ऐकू आली. 'अहो.' काकांनी मान न उचलता ओठांनीच म्हटलं, एक. मी हसलो. खाच पुढे सरकत राहिली, कोपरा आला, कोपरा वळला. दुसरी हाक आली नाही. चौथी बाजू पूर्ण करून त्यांनी मशीन बंद केलं, क्षणभर कान दिला आणि म्हणाले, "आज तिकडचं कोणीतरी येऊन गेलं वाटतं." यावर आम्ही दोघंही हसलो.

मग त्यांनी प्लेट खाचेत ठेवली. जोडावरून डोळे मिटून नख फिरवलं, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. नख कुठेच अडलं नाही. एवढं नेमकं काम त्या गॅरेजात आधी झालं नव्हतं. काका खिडकीकडे वळून ओरडले, "अगं, बसली." उत्तर नाही. "अगं, ये ना बघायला." उत्तर नाही. मग त्यांनी हातातला पाना टेबल सॉच्या लोखंडावर आपटला, पळीसारखा. ती तिसरी हाक होती. आवाज विरला, आणि मला दूध करपल्याचा वास आला. काका माझ्या आधी धावले.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी समजूत घातली. मेंदूतली मोठी रक्तवाहिनी फुटली होती, पाच-दहा मिनिटांनी काही फरक पडला नसता. काकांनी शांतपणे विचारलं, "मग किती मिनिटांनी पडला असता?" डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर टेबल सॉवर काकूंची जुनी चादर पडली. आणि तीनहाके काका पहिल्याच हाकेला ओ द्यायला लागले. कोणाच्याही. भाजीवाला रस्त्यावरून 'मेथी' ओरडला तरी ओ. वरच्या मजल्यावर कोणी मुलाला बोलावलं तरी ओ. दूधवाल्याचं बोट बेलपर्यंत पोचायच्या आत दार उघडं. एकदा कुकरची शिट्टी झाली तर हे गॅरेजातून "आलो" म्हणत निघाले. लोक म्हणाले, वय झालं. मला एकट्याला ते म्हणाले, "मिलिंदा, ती अजून मारते रे हाक. एकच. दुपारी. मी ओ देतो, जाऊन बघतो, तर कोण नसतं." आणि वायरचा दोष सांगावा तशा आवाजात पुढे म्हणाले, "बहुतेक मला उशीर होतो."

एका रविवारी सकाळी ते वर आले. हातात लाल रंगाचं, तळहाताएवढं मोठं बटण होतं. म्हणाले, हे गुडघ्याच्या उंचीवर लावायचं. हात लाकडावरच राहतील, मान वळणार नाही, पण गुडघा पुढे गेला की दोन्ही यंत्रं बंद. पहिल्या हाकेला. मला उत्साह आला आणि मी वायरिंग करून टाकलं. बटण दाबलं की राउटर थांबायचा आणि व्हॅक्यूम सुरू व्हायचा. काकांनी बराच वेळ ते चालू-बंद करून बघितलं. काकू गेल्यावर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. म्हणाले, "जोडणी माझ्याकडे दे बाबा. माझं पोट त्यावर भरलंय." संध्याकाळपर्यंत फळी टेबल सॉला पक्की झाली, राउटर खाली टांगला गेला आणि लाल बटण गुडघ्याशी बसलं.

मग त्यांनी मला सांगितलं, स्वयंपाकघरात जा आणि खिडकीतून हाक मार. मी जाऊन ओरडलो, काका! यंत्र चालूच राहिलं. ते खिडकीकडे न बघता म्हणाले, "काका नको. अहो म्हण."

आता आमच्या घरात 'अहो' हा शब्दच नाही. सुजाता मला मिल्या म्हणते. तोंडावर दाढी, अंगात बनियन, अशा अवस्थेत एका म्हाताऱ्याला 'अहो' म्हणून हाक मारायची, तीही त्याच्या बायकोच्या ओट्याशी उभं राहून. पहिल्या वेळी मी नुसताच खाकरलो. दुसऱ्यांदा मारली ती बरी पडली, कारण पहिल्या मजल्यावरून सुजाताचं डोकं बाहेर आलं. गुडघा पुढे गेला, राउटर मंदावत मंदावत थांबला, आणि काका म्हणाले, "ओ."

मला वाटलं झालं. ते म्हणाले, परत.

मी परत मारली. ओ. परत. ओ. यंत्र सुरू व्हायचं, हाक जायची, यंत्र बंद पडायचं. माझ्या कानाशेजारी ग्रिलला ती पळी तशीच लटकत होती, तिला मी हात लावला नाही. किती वेळ हे चाललं मला सांगता येणार नाही. सुजाता कधीतरी आत निघून गेली. अंधारायला लागलं तेव्हा मी दिवा लावायचंही विसरलो होतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला त्या खिडकीत नुसती एक आकृती दिसत असणार. काका त्या आकृतीकडे बघत होते. शेवटची ओ देऊन ते म्हणाले, "आता वेळेत होतंय." मग काकूंचा पाट घेतला आणि त्याच्या चारही कडा गोल केल्या. मधे एकदाही थांबावं लागलं नाही. त्यावर बसले, उठले, मांडीवरून हात फिरवला. "रेघ नाही उठत," म्हणाले.

पुढे आमची इमारत पाडायला निघाली, नवीन टॉवर होण्यासाठी. सगळे भाड्याच्या घरांत पांगले. काका ठाण्याला वर्षाकडे, म्हणजे मुलीकडे गेले, अकराव्या मजल्यावर. तिथे यंत्राला जागा नव्हती. त्यांनी ते मला दिलं, पाट तेवढा बरोबर नेला. टेम्पोत टेबल चढवताना मी म्हटलं, तुमचा टॉवर होऊ दे, आणून ठेवतो परत. ते म्हणाले, "फळी उचलताना खालून धर, प्लेटला धरू नकोस. आणि बटण काढू नकोस."

पुढच्या वर्षी वर्षाचा फोन आला. म्हणाली, सकाळी बाबा खोलीतून मोठ्याने ओ म्हणाले. मला वाटलं, मी तर हाकच मारली नाही. मी चहा घेऊन गेले, तर बाबा पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसलेले होते, उठायच्या बेतातच गेलेले. मग ती रडायला लागली. मी विचारलं, आणि विचारतानाच मला वाटलं किती मूर्ख प्रश्न आहे, की एकदाच म्हणाले का? ती म्हणाली, हो, एकदाच.

मशीन आता भांडुपला एका भाड्याच्या गाळ्यात आहे. सुट्टीच्या दिवशी मी तिथे जातो आणि लाकडाची नासाडी करतो. अलीकडे केलेला रॅक सरळ उभा राहतो, हे मुद्दाम सांगतो, कारण सुजाता सांगणार नाही. त्या जुन्या इमारतीच्या जागी सध्या खड्डा आहे, स्वयंपाकघर नाही, खिडकी नाही, ग्रिलही भंगारात गेलं.

तरीपण दुपारी, लाकूड पुढे सरकत असताना, कानात बोळे असूनही, मधेच येते: अहो. काकूंचा आवाज असता तर मी समजू शकलो असतो. तो माझाच आवाज असतो, त्या संध्याकाळचा, जरा घसा बसलेला. गुडघा माझ्याआधी पुढे जातो. ब्लेड मंदावतं, थांबतं, आणि गाळ्यात भुसा खाली बसत राहतो. दुसरी हाक येत नाही. मी तिची वाट बघत नाही.

ओ, मी म्हणतो.