बुटांवरचे मोजे

सकाळी फुटपाथवरच्या बर्फावर कुणी घसरू नये म्हणून कुणीतरी खडी टाकत होतं. त्या करकरीनं इथल्या, जर्मनीतल्या, इराच्या किंडरगार्टनची वाट आठवली.

तेव्हाही रस्ता असाच काचेसारखा झाला होता. माझी लेक पाच वर्षांची. मी म्हटलं, "इरा, माझा हात धर."

"नाइन, नको आई, तू पडतेस!" म्हणत तिनं खालच्या मजल्यावरच्या हेल्गाबाईंचा हात धरला. त्यांना ती ओमा म्हणायची, म्हणजे आजी. बाई बुटांवर लोकरीचे मोजे चढवून तुरुतुरु चालायच्या. दोघी जर्मनमध्ये खिदळत पुढे, मी लोकांची कुंपणं धरत मागे. नुसता जळफळाट!

हेल्गाबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. इरा म्युनिकला असते. आज मीही बुटांवर मोजे चढवले आणि अजिबात घसरले नाही. कौतुकानं इराला फोन करून सांगितलं.

"गेनाऊ, बरोब्बर!" ती हसली. "अगदी ओमासारखी."

म्हातारीनं अजून तिचा हात सोडलेला नाही.