पत्ता सांगणारी मावशी

मावशी गेली, हे काकांनी ज्या शब्दांत मला सांगितलं त्याच शब्दांत मी घरी सांगितलं, कारण दुसरे शब्द सुचेनात. दुपारच्या सुट्टीत, मी शिकवते त्या शाळेत डबा उघडून बसले होते. काका फोनवर म्हणाले, “बाळ, सकाळी तिने चहा घेतला, कप खाली ठेवला आणि गेली. त्रास काही झाला नाही. तू सावकाश ये. मनमाडहून जी गाडी मिळेल ती बघून ये, धावपळ करू नकोस.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता... मी डबा तसाच झाकला. आता महिना उलटला आहे, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही झाला. थोडं शांतपणे लिहिता येईल असं वाटतं.

शकूमावशी नात्याने माझी कुणीच नव्हती. बारावी झाल्यावर मी आणि माझे वडील, म्हणजे दादा, घोटीहून नाशिकला आलो ते कॉलेजच्या प्रवेशासाठी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, त्यामुळे प्रवेश म्हणजे नेमकं काय करायचं असतं हेही आम्हाला रस्त्यात विचारत विचारतच कळत होतं. गावच्या एका ओळखीच्याने नाशिकरोडला मुलींसाठी एक खोली सांगितली होती. पण त्या नावाच्या कॉलन्या दोन निघाल्या आणि आम्ही चुकीच्या कॉलनीत शिरलो. दादांच्या खांद्यावर तांदळाचं अर्धं पोतं, माझ्या हातात ट्रंक. एका फाटकाशी एक बाई मेथी निवडत बसली होती. तिला पत्ता विचारला. तिने रस्ता नीट समजावला, मग दादांच्या तोंडाकडे पाहिलं, मेथी सुपात लोटली आणि चपला घालत म्हणाली, “थांबा, तुम्ही परत चुकाल. मीच येते.” ती आमच्याबरोबर त्या दुसऱ्या कॉलनीपर्यंत चालत आली. तिथली खोली आदल्या दिवशीच गेलेली होती. परत येताना ती म्हणाली, “आमची वरची खोली पडूनच आहे. किल्ली कुठे ठेवलीय ते आठवावं लागेल.” संध्याकाळी तिचे यजमान, म्हणजे काका, पाटबंधारे खात्याच्या ऑफिसातून घरी आले तेव्हा त्यांना कळलं की आपल्याकडे भाडेकरू आली आहे. ते म्हणाले, “बरं झालं. मला वाटलं, तांदळाचं दुकान काढलंय.”

पहिलं वर्षभर मी तिला अहो-जाहो करायचे. तिनेच ते मोडलं. मावशीला कुणी अहो म्हणतं का, असं तिचं म्हणणं. बी.ए. आणि नंतर बी.एड. अशी माझी सगळी वर्षं त्या वरच्या खोलीत गेली. माझ्या नावापुढे आज ज्या दोन पदव्या आहेत त्यांतल्या प्रत्येकीत तिच्या घरच्या भाकरीचा वाटा आहे, हे मी इथे एकदाच लिहिते, कारण तिला असलं बोललेलं आवडत नसे.

तिला आवडायचं पत्ता सांगणं. याला मी छंद म्हणणार नाही, तो तिचा स्वभावच होता. आमचं घर चौकापासून तिसरं, आणि दोन सारख्या नावांच्या कॉलन्यांमुळे दिवसाकाठी कुणीतरी हमखास चुकून यायचं. गॅस सिलिंडरवाले, लग्नाच्या पत्रिका वाटणारे, पेशंटला डबा घेऊन निघालेले नातेवाईक. मावशी डावं-उजवं कधी सांगायची नाही. “ती बंद पडलेली पिठाची गिरणी लागेल, तिच्यापुढे एक लंगडा कुत्रा झोपलेला असतो, तो उठला तर समजा बरोबर चाललात” असं सांगायची. माणूस म्हातारं असेल, बरोबर लहान मूल असेल, तर चपला घालून वळणापर्यंत जायची. तेवढ्या वाटेत त्यांचं गाव, कुणाकडे चाललेत, आजारी कोण आहे, सगळं तिला कळलेलं असे. परत आली की चेहरा उजळलेला. काका म्हणायचे, “हिला महापालिकेने पगार सुरू केला पाहिजे.” ती म्हणायची, “तुम्हाला मिळतो तो पुरे आहे. तुम्हाला तर शेजारच्या गल्लीचं नाव येत नाही.” खरंच येत नसे.

माझं बी.एड. झालं होतं, एका शाळेत तात्पुरती नोकरी लागली होती, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास मी वर गॅलरीत कपडे काढत होते. खाली मोटरसायकल थांबली, दोघे जण होते. मागे बसलेल्याने विचारलं, “मावशी, इथे संगणकाचा क्लास कुठेय?” मावशी फाटक उघडून बाहेर आली. तिने चौकाकडे वळून हात वर केला आणि सांगायला लागली. त्या माणसाने पुढे वाकून तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढलं. गाडी बंद केलेलीच नव्हती. मी वरून ओरडले, मला वाटतं मी ओरडले, आणि खाली येईपर्यंत मावशी रस्त्यावर बसलेली होती. गुडघा फुटला होता आणि गळ्यावर मागून पुढे आलेला लाल वळ होता. तिने मला पहिलं वाक्य सांगितलं ते हे, “अगं, मी अजून सांगतच होते.”

पुढचे काही दिवस घरात दुखवट्याला यावीत तशी माणसं येत होती. सगळी चांगली माणसं, पण प्रत्येकाकडे एक प्रश्न होता. फाटकाबाहेर कशाला गेलात? तिन्हीसांजेला एवढं सोनं घालून उभं राहायचं कशाला? पदर घेतला नव्हता का? मावशी सगळ्यांना चहा द्यायची आणि “चुकलंच माझं” म्हणायची. तिच्या नणंदेने तर सांगितलं, “वहिनी, तुम्हाला मेली बोलायची हौसच फार.” मावशी हसली. त्या दिवशी मी तिला स्वयंपाकघरात कपबशा धुताना पाहिलं, एकच बशी ती किती तरी वेळ धूत होती... जिवावरचं सोन्यावर निभावलं, असं जो तो म्हणाला. तेही खोटं नव्हतं. काकांनी महिन्याभरात नवीन मंगळसूत्र करायचं काढलं तेव्हा ती म्हणाली, काळ्या मण्यांची साधी पोत चालेल. काकांना वाटलं, खर्चाचा विचार करते आहे. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

तिचं काय गेलं ते आम्हाला हळूहळू कळत गेलं. मेथी निवडायची जागा फाटकापासून स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी गेली. दाराला जाळीचा दुसरा दरवाजा बसला. रस्त्यावर गाडीचा वेग कमी झालेला ऐकू आला की तिचा हात गळ्याशी जायचा आणि बोलणं मध्येच थांबायचं. जेवण-खाण, सणवार, बुद्धपौर्णिमेची खीर, सगळं पूर्वीसारखंच होतं. कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, सुखात आहे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण पूर्वी तिच्या दिवसाला बाहेरून दोन-चार अनोळखी माणसं येऊन मिळायची, ती यायची थांबली. म्हणजे यायची, पण तिने ऐकू येत नसल्यासारखं करायला सुरुवात केली.

दोनेक वर्षांनी ते चोर दुसऱ्या एका प्रकरणात सापडले. पोलिसांनी बोलावून घेतलं. माझं लग्न होऊन मी मनमाडला गेले होते, तरी त्या दिवशी मुद्दाम आले. मंगळसूत्र राहिलं नव्हतं, वितळवलेली सोन्याची लगड होती. मावशीने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि तिथल्या महिला पोलिसाला विचारलं, “हे माझंच कशावरून?” ती बाई समजूतदार होती. म्हणाली, “ताई, कोर्टाने तुमचं ठरवलंय, तर तुमचंच.” परतताना काकांनी पेढे घेतले, गल्लीत वाटले. सगळ्यांना वाटलं, आता विषय संपला. घरी आल्यावर मावशीने जाळीचा दरवाजा आतून लावला, मग लाकडी दरवाजा लावला, आणि लगड काकांकडे देत म्हणाली, “ठेवा बँकेत. मला ते बघून काही होत नाही.”

त्याच मुक्कामात तिने मला एक सांगितलं. आम्ही दोघी वर कुरडया वाळत घालत होतो. मागच्या उन्हाळ्यात, ती म्हणाली, भर दुपारी एक म्हातारा फाटकाशी आला होता. पेठ तालुक्याकडचा असावा, हातात डबा, डोक्याला फडकं. “कोन हाय का घरात? ओ बाई, मोठा दवाखाना कुठं हाय? पोरगी हाय माझी तिथं.” तो दोनदा विचारून थांबला. मावशी पडद्यामागे उभी होती.

“मला तो दिसत होता गं,” ती म्हणाली. “एकटा होता. गाडी नव्हती, काही नव्हतं. त्याच्या पायात चप्पल पण धड नव्हती. मला कळत होतं की हा चोर नाही. तरी माझा पाय उचलेना.”

“मग?”

“मग तो गेला. उलट्या बाजूला गेला, स्टेशनकडे. दवाखाना या अंगाला. एवढ्या उन्हात...” कुरडई तिच्या हातात तशीच राहिली होती. “त्या दोघांनी माझं सोनं नेलं ते नेलं. पण त्या म्हाताऱ्याला मी चुकीच्या रस्त्याला जाऊ दिलं, ते मी केलं. ते कुठल्या कोर्टात भरून मिळायचंय?”

मी म्हटलं, कुणीतरी पुढे सांगितलं असेल त्याला. ती म्हणाली, “असेल. पण मी नाही सांगितलं.” ज्याचं काही चोरीला जातं त्याचं नेमकं काय जातं, असा विचार मी जेव्हा जेव्हा करते तेव्हा मला तो फाटकाशी उभा राहिलेला माणूस आठवतो. मी त्याला कधी पाहिलेलंही नाही.

त्यानंतरची बरीच वर्षं तशीच गेली. काका निवृत्त झाले. गुडघा दुखतो म्हणून मावशीने खाली वावरायचं, तर ती उलट दुपारी वरच्या माझ्या खोलीत जाऊन गॅलरीत बसायला लागली. वरून सगळा रस्ता दिसतो आणि वर कुणाचा हात पोचत नाही, हे तिचं कारण तिने कधी बोलून दाखवलं नाही. दरम्यान लोकांच्या हातात मोबाईल आले, त्यात नकाशे आले. पत्ता विचारणारं कुणी उरलं नाही. काका म्हणाले, “बघ, तुझी नोकरी मोबाईलने घेतली.” ती म्हणाली, “घेऊ दे. मी राजीनामा कधीच दिलाय.”

पण सारख्या नावांच्या त्या दोन कॉलन्या मोबाईललाही चकवत होत्या. घरोघर जेवण पोचवणारे लोक नेमके आमच्या घराखाली येऊन थांबायचे, आणि नकाशा म्हणायचा की पोचलात. नेमकी तीच माणसं ज्यांची मावशीला धास्ती. मोटरसायकल चालू, डोक्यावर हेल्मेट, तोंडाला फडकं, आणि वर पाहून हाक, “ओ आजी.” सुरुवातीला ती उठून आत जायची. मग एका दुपारी, काका सांगतात, ती आत जायला निघाली आणि दारातूनच परत फिरली. कठड्याला धरून उभी राहिली. काका खालच्या खोलीत होते, तिथे तिचा आवाज नीट पोचत नव्हता, म्हणून ते कान देऊन ऐकत राहिले.

“गाडी बंद कर आधी.”

“काय आजी?”

“गाडी बंद कर. आणि डोक्यावरचं काढ, तोंडावरचं पण. मला तोंड दिसू दे.”

“आजी, उशीर होतोय, जेवण गार होईल.”

“मग विचार तुझ्या मोबाईलला.”

त्या माणसाने गाडी बंद केली. हेल्मेट काढलं. मावशीने त्याच्याकडे पाहून घेतलं आणि मग गिरणीपासून सुरुवात केली. गिरणीच्या जागी आता दुकान आहे, कुत्राही राहिलेला नाही, पण ती “जिथे गिरणी होती तिथून” असंच सांगायची आणि माणसं कशी कोण जाणे, बरोबर जायची. तो पहिला माणूस वळेपर्यंत ती पाहत राहिली आणि मग काकांना हाक मारून म्हणाली, “अहो, घोटभर पाणी आणा.” काका वर गेले तर ती अजून कठडा धरूनच उभी होती आणि हसत होती.

पुढे तो तिचा नियमच झाला. गाडी बंद, तोंड उघडं, मग पत्ता. काका म्हणायचे, आमच्याकडे आकाशवाणी होते, पण देवाच्या अटी कडक आहेत. मी दिवाळीला, मे महिन्यात जायचे तेव्हा ते पाहायचे. कुणी कुरकुरायचं, कुणी तसंच निघून जायचं. त्यांना ती हाक मारायची नाही. अनोळखी माणसासाठी ती परत कधी फाटकापर्यंत गेली नाही, आणि पूर्वीसारखी वळणापर्यंत तर नाहीच. ती बरी झाली असं मला लिहायचं होतं, पण तसं लिहिलं तर ते तिला पटलं नसतं. गळ्याशी जाणारा हात शेवटपर्यंत जायचा. फक्त त्या हाताबरोबर तोंडातून शब्दही यायला लागले होते. तिच्या आयुष्यातलं जेवढं तिला परत घेता आलं तेवढं तिने वरच्या मजल्यावरून, आपल्या अटींवर घेतलं.

मागच्या आठवड्यात काकांना भेटायला गेले होते. दुपारी ते आणि मी गॅलरीत बसलो होतो. खाली एक मोटरसायकल येऊन थांबली. गाडीवरच्या माणसाने मोबाईल पाहिला, वर पाहिलं, गॅलरीत कुणीतरी आहे एवढं त्याला दिसलं असावं. कुणी काही म्हणायच्या आत त्याने गाडी बंद केली, हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं, तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि चेहरा वर करून उभा राहिला.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून त्याला रस्ता सांगितला, जिथे गिरणी होती तिथून. तो गेला. काका कठड्याशी उभे राहून तो बरोबर वळतो का ते पाहत होते, आणि वळल्यावर म्हणाले, “गेला. बरोबर गेला.”